रोहिदासची गैरहजेरी

मी, सुकदेव चिंधा पाटील, वय ७६ वर्षे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार शिंदखेडा, जिल्हा धुळे, आज पूर्ण शुद्धीवर व राजीखुशीने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नोकरीत असताना असा दाखला कोणी मागितला नाही, मागायला हवा होता. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. शिंदखेड्यातील राहते घर माझा एकुलता मुलगा हितेंद्र यास मिळावे. तो पुण्याला असतो, घर विकेल हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. फक्त मधल्या खोलीतला माझा आदर्श शिक्षक पुरस्काराचा फोटो आधी उतरवावा, घेणाऱ्याच्या माथी मारू नये.

२. माझी पत्नी कै. पुष्पाबाई हिचा मोबाइल हितेंद्रने घ्यावा आणि त्यातले काहीही पुसू नये. त्यात तिने धाकट्या बहिणीला पाठवलेले आवाजाचे निरोप आहेत. "कव्हय येशी वं तू? वाट देखी देखी डोया थकी ग्यात," असे म्हणून ती खळखळून हसते. मास्तरच्या बायकोने अहिराणी बोलू नये, असे मी तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावले होते. तिने ऐकले आणि माझ्याशी बोलणेच कमी करत नेले. तिच्यात एवढे हसू शिल्लक होते हे मला ती गेल्यावर कळले.

३. माझे जुने सहकारी अभिमन रुपचंद बडगुजर यांना मी काही देत नाही. ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणतात. आम्ही दोघे शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, एका पावरा आदिवासी पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत होतो. अभिमन वर्षभरात पावरी बोलायला शिकले, लोकांच्या ओट्यावर बसू लागले, पहिलीच्या पोरांना गणित त्यांच्याच भाषेत सांगू लागले. मी वर अर्ज केला की हे गृहस्थ मुलांना राष्ट्राच्या प्रवाहापासून तोडत आहेत. त्यांची बदली झाली. अर्ज कोणाचा हे त्यांना तेव्हाच कळले होते. तरी ते आजही दर सोमवारी माझ्याकडे चहाला येतात आणि साखर कमी म्हणून कटकट करतात. त्या कटकटीचा माझा राग मी येथे सोडून देतो.

४. रोहिदास धना पावरा यास मी पुढील कबुली लिहून देत आहे. तिचा मिळकतीशी संबंध नाही, पण तिच्यावाचून हा कागद मला पुरा करता येत नाही.

१९९६ साली तो चौथीत होता. त्या वर्षी मी नियम केला की जो मराठीत 'हजर' म्हणेल तोच हजर. रोहिदास घरच्यासारखे पावरीत उत्तर द्यायचा. दुसऱ्या रांगेत, माझ्याकडे बघत बसलेला असायचा आणि मी त्याच्या नावापुढे गैरहजेरी लावायचो. तोही हट्टी, मीही हट्टी. तो दहा वर्षांचा होता आणि मी सत्तेचाळीसचा.

त्या काळी ज्याची हजेरी भरेल त्याला दरमहा शाळेतून तांदूळ मिळत. रोहिदासचे बंद झाले. त्याच्या आई धनीबाई शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाल्या, "गुरुजी, पोऱ्या रोज शायामा येस. मंग त्याना तांदूय काब्र नही?"

मी म्हणालो, "देशाचे तांदूळ पाहिजेत, तर त्याला देशाची भाषा शिकवा."

वर्ग हसला. पुढच्या सोमवारपासून रोहिदास खरोखरच आला नाही. सततच्या गैरहजेरीमुळे नाव पटावरून कमी केले, असा शेरा माझ्याच अक्षरात आहे.

धुळ्याला ट्रेनिंगला असताना माझ्या अहिराणीला सगळा वर्ग असाच हसला होता. त्या हसण्याची भीती मी जन्मभर देशप्रेम म्हणून मिरवली. रोज सकाळी प्रतिज्ञेत पोरांकडून देशातल्या विविध परंपरांचा अभिमान वदवून घ्यायचो आणि दहा मिनिटांनी हजेरी घ्यायचो. मला याची फार लाज वाटते. मी लिहून देतो की त्या सोमवारपर्यंत रोहिदासने एकही दिवस शाळा चुकवली नव्हती. ते हजेरीपत्रक खोटे आहे.

५. टपाल कार्यालयातील माझी सर्व बचत रोहिदासची मुलगी शीतल हिला मिळावी. ती शिक्षिका होण्यासाठी शिकते आहे. तिने पाड्यावरच नोकरी करावी आणि पावरीतूनच शिकवावे, अशी अट मी पहिल्या खर्ड्यात घातली होती. अभिमन यांनी तो वाचला आणि म्हणाले, "मरतावखत बी हुकूमच करशी का, सुकदेवभाऊ?" अट काढली आहे. हितेंद्रने हरकत घेऊ नये.

६. माझ्या दशक्रियेला कोणीही माझ्या राष्ट्रसेवेवर भाषण करू नये.

सही करण्यापूर्वी आणखी लिहितो. आज अभिमन यांनी रोहिदास व धनीबाई यांना माझ्या घरी आणले. कलम ४ व ५ त्यांच्यासमोर वाचावे, अशी माझी इच्छा होती. मी वाचू लागलो, पण माझे हे कागदी मराठी धनीबाईंना उमजेना. बारा वर्षे त्यांच्या पाड्यावर काढली आणि त्यांच्या भाषेत 'माझे चुकले' एवढे म्हणायला मला येत नाही. शेवटी रोहिदासने कागद हातात घेतला. बोट ठेवत, सावकाश, एकेक ओळ आईला पावरीत सांगितली. एका ठिकाणी तो थांबला आणि त्याने पाणी मागितले. एका ठिकाणी धनीबाई हसल्या. वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे बघत बराच वेळ काहीतरी बोलल्या, आवाज न चढवता.

मी रोहिदासला विचारले, "माय काय म्हनी राह्यनी?"

"आते ऱ्हाऊ द्या, गुरुजी."

मी अभिमन यांच्याकडे पाहिले. त्यांना सगळे कळले होते. त्यांनीही सांगितले नाही.

वरील संपूर्ण मजकूर मी वाचला असून तो मला समजला आहे. धनीबाई जे बोलल्या ते समजलेले नाही. सही करीत आहे.

ठिकाण : शिंदखेडा
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) सुकदेव चिंधा पाटील

साक्षीदार :
१. (सही) अभिमन रुपचंद बडगुजर, निवृत्त शिक्षक
२. (सही) चुडामण जीवराम शिंपी, शेजारी

कलम ४ व ५ धनीबाई धना पावरा यांना पावरीत वाचून दाखविले : (सही) रोहिदास धना पावरा