तारा गेला की पापणी लवली?

शुक्रवार, दिवेलागणीनंतर
दरेकसा, मावशीचं अंगण

तारा गेला की माझीच पापणी लवली?

लघुग्रह समोरून सरकताना तारा क्षणभर विझतो, तो क्षण टिपायचा, एवढंच काम. मी इथे, आमच्या खगोल मंडळाचे विनोदभाऊ तिकडे कुडव्याच्या गच्चीवर. वेळ झाली तशी मी मोबाइलच्या रेकॉर्डिंगवर ओरडले, "गेला!" आणि लगेच "आला!" पण तेव्हाच मालगाडी जाऊन राहिली होती, दुर्बिणीचा स्टँड थरथरत होता.

आमचा नियम आहे, मंडळाला निरीक्षण पाठवल्याशिवाय एकमेकांना विचारायचं नाही. विनोदभाऊंना दम कुठला! फोन आलाच. "माह्याकडे तं तारा एकदाही नाही गेला. तुह्याकडे?"

"आवाज येऊन नाही राहिला," म्हणत मी फोन कापला.

लघुग्रहाची जमिनीवर पडणारी सावली अरुंद असते. कुडव्यात नाही दिसलं तरी इथे दिसू शकतं. पण आता मी "खात्री नाही" लिहिलं, तर ती शंका माझी की विनोदभाऊंची? आणि "गेला" लिहिलं, तर ते खरं की माझा हट्ट?

मावशी म्हणते, "काऊन वं, जेवून नाही राहिली?" ताट बाजूला सारलं.

रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. "गेला!" "आला!" मग गाडीची धडधड, आणि त्या धडधडीत माझाच बारीक आवाज, "की पापणी लवली?"

हे मी फोनच्या आधी बोलले होते. म्हणजे शंका माझीच आहे.

तशीच लिहून पाठवते. विनोदभाऊंचा फोन पुन्हा वाजून राहिला. वाजू दे.