फळीवर आपटलेली काठी

तीर्थरूप आबा, गंगेकाठून तुमच्या योगिनीचा नमस्कार.

मी बरी हाय. मायला सांगा, मी पाण्यात उतरत नाय, नावेत बसूनच डॉल्फिन मोजते. मेंढरं फर्दापूरच्या माळावरच हायेत का?

मालवणच्या निळ्या समुद्रात डॉल्फिन आपणहून नावेसोबत पळायचे. इथलं पाणी लई गढूळ. इथल्या डॉल्फिनला जवळजवळ दिसतच नाय, ते आवाजावर वाट काढतात. काल एक पिल्लू आईपासून लांब गेलं. तुम्ही कोकरू वळवायला काठी आपटता, तशी मी नावेच्या फळीवर आपटली. पिल्लू बिचकून मासेमारीच्या जाळ्यांकडं गेलं.

आज श्वास घ्यायला आई एकटीच वर येते.

आबा, चुकलेलं कोकरू जास्तीत जास्त किती दिवसांनी परत आलेलं तुम्ही पाहिलंय? थोडं वाढवून लिहिलं तरी चालंल.

तुमची,
योगिनी