सज्ञान इसमाचा पत्ता

प्रिय विक्की,

सप्रेम जयभीम. पत्र पाहून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. पडू दे. फोन बंद ठेवायचा, नंबर बदलायचा, मग माणसाने करावं तरी काय? हे ठाण्याचं पत्र नाही, यावर शिक्का नाही की जावक क्रमांक नाही. पोलीस शिपाई भावना नाही, तुझ्यासोबत भरतीसाठी मैदानावर पळून पळून पाय सुजवून घेणारी भावना लिहिते आहे. आणि तुला घरी बोलवायला लिहिते आहे, तेही आधीच सांगून टाकते. तुझ्याशी आडून बोलायची मला सवय नाही.

तू घर सोडलंस ते फ्लेक्समुळे, असं वस्ती अजून म्हणते. तात्पुरत्या यादीत तुझं नाव आलं आणि काकूंना काही दम निघाला नाही. नवऱ्यामागे धुणीभांडी करून पोराला शिकवलेली बाई, तिला कसा निघणार? तू ओरडत होतास की अंतिम यादी लागू दे, पण ऐकतो कोण! प्रेमानंद मामांनी चौकात फ्लेक्स लावला, 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुक म्हणून अर्ध्या वस्तीचे चेहरे. पेढे वाटून झाले. मग अंतिम यादी लागली. तिच्यात माझं नाव होतं, तुझं नव्हतं, आणि फ्लेक्सवर तू तसाच हसत उभा होतास. माझं अभिनंदन करायला घरी आलास तेव्हाही तसाच हसलास. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. एकदा भांडला असतास, रडला असतास, तर आज हा कागद लिहावा लागला नसता. दुसऱ्या दिवशी काकू ठाण्यात मिसिंगची तक्रार द्यायला गेल्या.

तो फ्लेक्स काकूंनी स्वतः स्टुलावर चढून उतरवला. मामा म्हणाले, जाळून टाक. जाळतील त्या? पावसाळ्यात दारापुढची छपरी गळायला लागली तशी त्यांनी तोच वर घातला, पण छापील बाजू खाली करून. पोराच्या तोंडावर पाणी काहून पडू द्यायचं, म्हणाल्या. तेव्हापासून त्या छपरीतच खाट टाकून झोपायच्या, आणि वरून तू बघत असायचास. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा हसू आलं, आणि गल्लीत येऊन रडले.

ट्रेनिंग संपवून मी त्याच ठाण्यात रुजू झाले आणि तुला शोधायचं काम माझ्याकडे आलं, ते मी मागून घेतलं होतं. बुटीबोरीच्या त्या कापडाच्या कारखान्यात तू सापडलास, तेव्हा तोंडावर रुमाल बांधलेला, भुवयांवर कापसाची लव. मी वर्दीत होते. तू मला मॅडम म्हणालास! भल्या माणसा, मॅडम? आणि मग जबाब दिलास: मी सज्ञान आहे, स्वमर्जीने घर सोडले, माझा पत्ता घरच्यांना देऊ नये. मी तो माझ्याच अक्षरात लिहून घेतला. कायदा तुझ्या बाजूने होता. सज्ञान इसम सापडला की आम्ही घरच्यांना एवढंच सांगू शकतो, की सुखरूप आहे. काकूंना मी तेवढंच सांगितलं. त्यांनी कुठे म्हणून विचारलंच नाही. विचारलं ते हे, जेवते का बराबर? आंग भरलं का थोडं? मी हो म्हणाले. खोटं होतं, तू काटकुळा झाला होतास.

मग आमच्या ठाण्याने वस्तीतल्या पोरापोरींसाठी भरतीचा वर्ग काढला. शाळेत जाऊन भाषणं देणं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी चक्कर टाकणं, दोन घरांची नळावरची भांडणं मिटवणं, हे सगळं माझ्या गळ्यात होतंच, त्यात हा वर्ग आला. पहिल्याच सकाळी काकू मैदानावर हजर, हातात भिजवलेल्या हरभऱ्याचं पातेलं आणि गुळाचा खडा. साहेबांना म्हणाल्या, माहा पोट्टा इथंच पळे, मले येऊ द्या. साहेब नाही म्हणू शकले नाहीत. काय बाई होती! गोळाफेक करणाऱ्या भैरवीला खांदा कसा फिरवायचा ते सांगायच्या, तुझं पाहून पाहून शिकल्या होत्या ना. भैरवी तात्पुरत्या यादीत आली तेव्हा तिचा बाप हार घेऊन आला, तर काकूंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. आखरी यादी लागू दे गा, मंग नाच म्हणे, लेकराले तोंड लपवाची पाळी नको आणू. त्यांना तुझ्या अपयशाची लाज कधीच नव्हती, विक्की. स्वतःची घाईच त्यांना खात होती, आणि तुला ते सांगायला तू समोर नव्हतास.

मागच्या महिन्यात त्यांना मैदानावर धाप लागायला लागली. मी दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, काकू, मी पत्ता सांगते, चला, उद्याच नेते तुम्हाला. जबाब गेला चुलीत. तर माझ्याच तोंडावर हात ठेवला. नको वं पोट्टी, म्हणाल्या, माह्यापायी तुही नोकरी काहून घालवून राहिली? त्यानं सांगतलं नाही तं मले आयकाचं नाही. त्याले वाटंन तवा येईन तो. मी खूप चिडले. तुझ्यावर, त्यांच्यावर, त्या कायद्यावरही. मायलेक दोघेही हट्टी, आणि मधे माझं भरीत.

विक्की, लोकांच्या दारात जाऊन वाईट बातमी द्यायला ठाण्यातून बहुतेक वेळा मलाच पाठवतात. बाई आहे, नीट सांगेल म्हणून. उंबऱ्यावर मी काही बोलत नाही. आत जाऊन बसते, पाणी मागते, पोराबाळांचं विचारते, आणि समोरचा माणूस खाली टेकला की मगच सांगते. आता एवढा वेळ तुझ्याशी मी तेच केलं. काकू आज सकाळी गेल्या. पोरांना हरभरे वाटून मैदानाच्या कट्ट्यावर बसल्या आणि तिथेच माझ्या खांद्यावर मान टाकली. मयत उद्या दुपारपर्यंत थांबवायचं मी मामांकडून कबूल करून घेतलं आहे. घरात लेक नाही म्हणून बायांनी मला उशाशी बसवलंय, तिथूनच हे लिहिते आहे. हे पत्र घेऊन आलेले लहानू हवालदार तुझ्या दारात गाडी घेऊन उभे असतील, त्यांना मी पत्ता दिला. नियम मोडला, त्याचं काय व्हायचं ते होवो. वर्दी काढून ठेवली आहे. दिवसभर सगळ्यांना नीट उत्तरं दिली, पण आता बाया मलेच विचारून राहिल्या का पोराले कळवलं का, अन् मले बोलता येऊन नाही राहिलं. ये रे लवकर. मले एकटीले हे नाही झेपून राहिलं.

तुझीच,
भावना