नाक झिजलेलं नाणं

अण्णा,

तुमच्या नावाचं दालन होणार नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्या संस्थेत तुम्ही दरवर्षी शाल-श्रीफळ घेऊन जुन्या नाण्यांवर बोलायचात, तिथल्या मंडळींनी तुमच्या पश्चात यंदा तुमचा संग्रह काचेच्या कपाटात मांडायचं ठरवलं होतं, वर तुमचा फेट्यातला फोटो. अट एकच होती. प्रत्येक नाणं तुमच्याकडे कुठून आलं आणि तुमच्याआधी कोणाचं होतं, हे मी सांगायचं. हल्ली जुन्या नाण्याचं घराणं कळल्याशिवाय शहाणा माणूस त्याला हात लावत नाही. "औपचारिकता आहे हो ताई, अण्णांसारख्या माणसाबद्दल काय शंका घ्यायची," असं तिथले चिटणीस म्हणाले. मला हसू आलं. बिचाऱ्यांनी तुमच्याबरोबर एका घरात दिवस काढले नव्हते.

तुमची ती घराणी मला पाठ आहेत. एक नाणं सरदारांच्या वारसांकडून, एक गंगेवरच्या उपाध्यायांकडून, एक कुठल्याशा संस्थानाच्या दिवाणांकडून. साध्या माणसाकडून, एक नाणं सोडलं तर, तुम्ही कधी काही घेतलंच नाहीत! सोयरीक जुळवताना नसलेलं शेत दाखवतात, तशी तुम्ही नाण्यांना नसलेली घराणी दाखवलीत आणि पहिल्या रांगेतले विद्वान माना डोलवत राहिले. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. साधा व्हॉल्व्ह आला तरी तो कोणी बनवला, कोणी पाठवला, मधे कुठे पडून होता, हे कळल्याशिवाय मी आत घेत नसे. तुम्ही त्याला हमाली म्हणायचात, तेही पाहुण्यांसमोर. ती हमाली तुमच्या विद्वत्तेपेक्षा सरळ होती, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

तुमचं सगळ्यात लाडकं नाणं मी आधी काढलं. चांदीचं, त्यावर क्षत्रप राजाचा चेहरा, आणि त्या राजाला हरवणाऱ्या सातवाहनाने त्याच चेहऱ्यावर ठोकलेला स्वतःचा शिक्का. 'येवल्याच्या एका पैठणी विणणाऱ्या घराण्याची सप्रेम भेट', असं तुम्ही सांगायचात. राजाचं नाक आणि गाल पार गुळगुळीत झालेत. त्या नाकावर तुम्ही केवढी भाषणं ठोकलीत! हातोहात फिरून झिजलेलं नाणं, म्हणजे बाजारपेठ केवढी, व्यापार केवढा, नाशिकचं वैभव केवढं. मी नुसतं नाणं उलटून पाहिलं. मागची बाजू जवळजवळ शाबूत आहे. बाजारात फिरणारं नाणं एकाच बाजूने झिजतं का हो? मग भिंग लावलं, तर शिक्क्याच्या खोल रेषांमध्ये लाल कण अडकलेले दिसले. कुंकू होतं ते. हे नाणं कोणाच्या तरी देवघरात होतं, अण्णा. रोज त्या चेहऱ्याला कुंकवाचं बोट लागलं, सणासुदीला राखेने घासलं गेलं, आणि घरातल्या बायकांच्या बोटांखाली राजाचं नाक गेलं.

तुम्हाला हे कळलं नसेल असं मानायला मी तयार नाही. आपलं स्वयंपाकघर मला आठवतं. ओट्यावर वाटीत चिंच भिजलीय, तुम्ही जुना टूथब्रश घेऊन नाणं घासताय आणि मोरीत लालसर पाणी वाहतंय. आई विचारते, "आमटीची चिंच घेतलीत का?" तुम्ही मान वर करत नाही. जुनं नाणं कधी घासू नये, त्याचा इतिहास जातो, असं आल्यागेल्याला बजावणारे तुम्हीच. त्याच दिवाळीत आईने भाबडेपणाने ते नाणं लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर ठेवलं आणि त्याला कुंकू लावलं. तुम्ही सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलात, "अगं, हे देव नाहीत, पुरावे आहेत!" पुरावे म्हणे. त्यानंतर आईने तुमच्या कपाटाला कधी हात लावला नाही.

ते नाणं आणायला येवल्याला गेलात तेव्हा तुम्ही मलाही नेलं होतंत, म्हणून ते घर मला सापडलं. मी ओसरीवर बसून मागावरचा धोटा इकडून तिकडे जाताना बघतेय, तुम्ही आत चहा पिताय. परतताना एसटीत तुम्ही मला खिडकीची जागा देता आणि नाशिक येईपर्यंत राजांच्या गोष्टी सांगता. तुम्ही एवढे खूश क्वचितच असायचात. तो प्रवास मी आयुष्यभर जपला होता. आता तोही नासला.

या वेळी मी नाशिकच्या द्वारका चौकात एसटी पकडली, नाणं रुमालात बांधून पर्समध्ये. त्या घरात माग अजून चालू आहे. तेव्हाची तरुण सून आता म्हातारी झालीय. मी कोणाची मुलगी ते सांगितलं, तशी ती लगेच म्हणाली, "नाशिकचे सर ना? त्यावरची अक्षरं वाचून आणून देतो म्हणले व्हते. सासूबाईंनी लय वाट पाहिली. देव बाहेरगावी गेलाय म्हणायच्या."

तिने मला देवघर दाखवलं. चांदीच्या टाकांच्या ओळीत एका जागी सुपारी होती. देवाची मूर्ती हाताशी नसली की तिच्या जागी सुपारी मांडायची, ही आपली रीत. आपण ती पूजेपुरती मांडतो. त्यांनी ती नाणं परत येईपर्यंत मांडली. सुपारी किडली की नवी ठेवायची. सासू गेली, मग सून ठेवत राहिली. तुम्ही सभा गाजवत होतात तेव्हा इथे तुमच्या शब्दावर विसंबून रोज एका सुपारीला स्नान घातलं जात होतं. मला तुमची इतकी शिसारी आली की तिने दिलेला चहा मी तसाच बाजूला सरकवला.

मी नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. आधी तिला ओळखू आलं नाही. "येवढं पांढरं नव्हतं ते," ती म्हणाली. तुमच्या चिंचेचा प्रताप. मग तिचं बोट आपसूक राजाच्या नाकाच्या जागी गेलं आणि तिथेच थांबलं. नंतर माझ्याकडे सरळ बघत तिने विचारलं, "खरं सांगा ताई, सरांनी चोरलं व्हतं का?"

परत आल्यावर मी संस्थेला कळवलं, की यातल्या एकाही नाण्याची तुम्ही सांगितलेली हकीकत खरी नाही आणि संग्रह मी देणार नाही. चिटणीस दुखावले, तुमच्या स्मृतीचा अपमान झाला म्हणाले. होऊ दे. उरलेल्या नाण्यांची दारं मी एकेक करून शोधणार आहे, आणि प्रत्येक दारात तुमचं नाव घेऊन माफी मागावी लागणार आहे. तुम्ही माझ्यासाठी ठेवलेली इस्टेट ती एवढीच.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच शेवटचं लिहिते. म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर मी नाशिकपासून घोकत गेले होते. एकाच शब्दाचं होतं. आणि तिच्यासमोर माझ्या तोंडून निघालं, "नाही हो आजी, आजारपणात राहून गेलं. जाताना शेवटचं तेच बोलले, येवल्याचा देव पोचता कर म्हणून." तिने पदराने डोळे पुसले, तुमच्यासाठी हात जोडले, आणि मी ते जोडू दिले.