सासूची वीत, सुनेची वीत

आई,

भिंत वाकडी नाही! काल तुम्ही म्हणालात, थोकोझिलेला भिंतीवरची नक्षी जमत नाही, म्हणून आज दोरीला गाठी मारून मोजलं. तुमचा त्रिकोण पाच गाठी, माझा चार. नक्षीतली तुमची पायरी दहा, माझी आठ. सगळीकडे पाचाला चार! मग ओल्या लिंपणातल्या तुमच्या पंजाच्या ठशावर माझा पंजा ठेवून पाहिला. आपण दोघी आपापल्या वितीने मोजत होतो, आणि तुमची वीत मोठी, एवढंच.

तुमच्या वितीएवढी काठी कापलीय. तुमचा धाकटा वुसी शनिवारी डोंगरावरून पुरुष झाल्याची दीक्षा घेऊन येण्याआधी भिंतीची माझी बाजू लिंपून पुन्हा काढते. रंग मात्र मीच निवडणार.

आणि खुंटीवर माझी पिशवी दिसली नाही, तर रडत बसू नका. माहेरी नाही, ओढ्यावर माती आणायला गेलेय.

थोकोझिले