‘प्रतीक्षा’ या चित्राचे काय करावे

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, हा कागद स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी दिला होता, पण दातांच्या डॉक्टरांचा दाखला या कामाला चालत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून दुसरा आणून जोडला आहे. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात चित्राविषयी जे ठामपणे लिहिले होते, ते आता तसे लिहिता येत नाही.

१. घर. पुढच्या खोलीत मी राहतो, मागच्या खोलीत माझी धाकटी बहीण. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून देते. तिचे शिलाई मशीन खिडकीपाशी आहे. संपूर्ण घर तिला मिळावे. माझ्या मुलाने हरकत घेऊ नये. त्याचे स्वतःचे घर आहे, आणि इथला जिना त्याला कधीच आवडला नाही.

२. बँकेतली ठेव मुलाला. मनगटी घड्याळही त्यालाच. ते रोज दहा मिनिटे मागे पडते. दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये.

३. चित्र. नाव ‘प्रतीक्षा’. कॅनव्हासवर तैलरंग, उंची तीन फूट, रुंदी अडीच. चव्वेचाळीस वर्षे शहराच्या कलादालनात टांगलेले आहे, पण मालकी माझी आहे. चित्रात माझी बहीण खुर्चीवर बसली आहे, वय बावीस. हात मांडीवर. ती समोर, म्हणजे माझ्याकडे, पाहते आहे. डावी भुवई किंचित वर आहे. ती खिडकीच्या उजेडामुळे तशी दिसते असे मी समजत आलो. शेजारच्या पाटीवर ‘येणाऱ्या दिवसांकडे आशेने पाहणारी तरुणी’ असे लिहिले आहे. तो मजकूर माझाच.

४. गेल्या वर्षी एका बाईंनी दालनात या चित्राचा मोबाइलवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरचा नळ फुटला. प्लंबर तीन तास “पाच मिनिटांत पोचतो” असे सांगत होता. शेवटी बाईंनी त्याला माझ्या बहिणीचा फोटो पाठवला, खाली त्याचेच शब्द टाकून. प्लंबरला तो इतका आवडला की त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दिला. हे वर्तमानपत्रात आले होते. नळाचे पुढे काय झाले ते आले नव्हते.

याला मीम म्हणतात, असे मुलाने फोनवर सांगितले.

“बाबा, जगभर गेलंय ते! हक्क आपले आहेत. वकील लावू या.”

“कशावर हक्क?”

“चेहऱ्यावर.”

“चेहरा तुझ्या आत्याचा आहे.”

“मग आत्याला विचारा ना.”

मी विचारले नाही.

दंतवैद्यांनी आपल्या दवाखान्यात तो फोटो लावला आहे. खाली लिहिले आहे, ‘डॉक्टर, मी रोज दोनदा घासतो.’ मुलाने मला असे दोनशेहून जास्त पाठवले. परक्या भाषांतल्यांचा अर्थही लावून दिला. मी तीन महिने भिंग घेऊन ते पाहिले. एकातही ती आशेने पाहत नाही. सगळीकडे कोणीतरी तिला थाप मारते आहे आणि ते तिला कळले आहे. चित्र मी काढले, पाटी मी लिहिली, तरी इतक्या अनोळखी माणसांनी एकच अर्थ लावला. त्यांनी आपसांत ठरवले असणे शक्य नाही. मग चुकले कोण, हे मला अजून उमगलेले नाही.

बहीण मात्र पोट धरून हसली. “दादा, या वयात मला लोक ओळखायला लागले बघ!” तिने फ्रेमवाल्याकडून एक प्रत छापून घेतली आणि मशीनसमोर चिकटवली. “पुढच्या आठवड्यात नक्की नेतो” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती आता उत्तर देत नाही, नुसते बोट दाखवते. ती का हसली, हे मी विचारायला हवे होते.

५. एका समीक्षकाविषयी. प्रदर्शनाच्या वेळी त्याने लिहिले होते, “चित्रातल्या मुलीला जे कळले आहे, ते चित्रकाराला कळलेले नाही.” मी त्याच्याशी पुन्हा बोललो नाही. एका लग्नात तो समोरच्या पंगतीत बसला म्हणून मी न जेवता उठून आलो. तो आता हयात नाही. माझा राग मी मागे घेतो. तो कोणाकडे पोचवायचा ते ठाऊक नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

६. ब्रश, चाकू, रंगांच्या उरलेल्या नळ्या फ्रेमवाल्याला. तो माझा जुना मित्र आहे. त्याला रंगवता येत नाही, पण तो वस्तू नीट ठेवतो.

रंगपेटी मात्र बहिणीला द्यावी, न उघडता. खालच्या कप्प्यात एक पत्र आहे. ते तिच्या नावाचे आहे. मुलींच्या नर्सिंग शाळेत तिची निवड झाली होती. एकवीस दिवसांत हजर व्हायचे होते. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. पत्र माझ्या हाती आले. वडील म्हणाले, “तिला कळलं तर ती जाईल. मग आईचं कोण करणार? तू?” मी तेव्हा प्रदर्शनासाठी चित्र सुरू केले होते. मी काही बोललो नाही.

चित्र तेवीस दिवस चालले. रोज सकाळी खुर्चीवर बसताना ती विचारायची, “दादा, टपाल आलं?”

“आलं. तुझं काही नाही.”

असे म्हणून मी ब्रश उचलायचो आणि समोर जे दिसेल ते काढायचो. डोळे शेवटच्या आठवड्यात काढले. मी नीट पाहूनच काढले असणार, कारण ते तिचेच आहेत. पण मी काय पाहत होतो?

आईचे सगळे तिने अकरा वर्षे केले. चित्राला बक्षीस मिळाले, त्यावर मला शाळेत नोकरी लागली.

७. चित्र बहिणीला द्यावे. दालनवाल्यांना त्यासाठी वेगळी खोली करायची आहे. लोक येऊन शेजारी उभे राहतात, भुवई वर करतात, फोटो काढून घेतात. ते चालू ठेवायचे, चित्र विकायचे की चुलीत घालायचे, ते तिने ठरवावे. पाटी मात्र काढून टाकावी.

८. माझ्या मागे कोणी भाषण करू नये.

९. हे कलम आयत्या वेळी, वकीलबाईंच्या मनाविरुद्ध लिहीत आहे. सह्यांसाठी फ्रेमवाला आणि दंतवैद्य येऊन बसले होते. बहीण चहा घेऊन आली. ट्रे ठेवायला जागा करताना तिने हा कागद उचलला आणि चष्मा लावून वाचू लागली. मी तिला थांबवू शकलो असतो. तिने सगळा वाचला. चहावर साय धरली.

“मला त्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. “पोस्टमन म्हणाला होता, तुझं पत्र भावाकडे दिलंय.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, तू बोलशील.”

“किती दिवस वाटलं?”

“चित्र संपेपर्यंत.”

“आणि मग?”

“मग काय? आईला अंघोळ घालायची होती.”

वकीलबाईंनी घाईने फ्रेमवाल्यापुढे पेन केले. ते बहिणीने घेतले. “याला काय ठाऊक? तेव्हा खोलीत मी होते.”

“अहो, साक्षीदार म्हणून सही केलीत तर यातलं तुम्हाला काही मिळणार नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “फ्रेमवाल्यांनी ब्रशांवर पाणी सोडलंय. तुमचं घरही जाईल, चित्रही.”

“नको मिळू दे.”

“मी पुन्हा लिहितो,” मी म्हणालो. “तू सही करू नकोस.”

“घराचं दुसऱ्या कागदावर लिही. हा फाडायचा नाही, दादा. हा मला असाच हवाय.”

मी विचारले, रागावली आहेस का? ती म्हणाली, “आधी सही कर. चहा गार होतोय.”

म्हणून हा कागद असाच ठेवत आहे. घराचा आणि चित्राचा कागद उद्या वेगळा होईल. तिने मला माफ केले की धरून ठेवले, ते मला सांगता येत नाही. खालची सही माझीच आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: आजचा, दाखल्यावर आहे तोच

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिला: दंतवैद्य, तळमजला (सही)

साक्षीदार दुसरी: बहीण (सही)

साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, मजकुराची हमी द्यायची नसते, असे वकीलबाईंनी दोनदा सांगितले. तरी सहीखाली तिच्या अक्षरात आहे: “वर लिहिले आहे ते खरे आहे.”