मुदतीआधीचं गवत

२० मे

पोचलो एकदाचा! गाढवीण अर्ध्या चढावर अडून बसली, तेव्हा तिचं निम्मं ओझं मी पाठीवर घेतलं. दोघांत गाढव कोण, हे वाटेत भेटलेल्या बायकांनी हसून ठरवून टाकलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, हा मात्र जवळूनही साजरा आहे. दगडी खोपट, आत चूल आणि दारासमोर ते कुरण. आमच्या सागरोच्या उघड्याबोडक्या डोंगरांत जन्म गेलेल्या माणसाला एवढं हिरवं बघून रडूच यावं. मला आलं. इथे कोण बघतंय?

खालच्या तीन गावांचे मुखिया बा झायद यांनी काम समजावलं. मार्चअखेरीपासून दहा जुलैपर्यंत कुरण बंद. खूर नाही, विळा नाही. गवत फुलायचं, बी पिकून गळायचं, मग दहाला मी मोठ्या खडकावर चढून हाक द्यायची आणि तिन्ही गावांची मेंढरं वर यायची. तोवर चुना लावलेले दगड राखणदारानंही ओलांडायचे नाहीत. राखणदार नेहमी परका आणतात, ज्याच्या मेंढरांचा इथे हक्क नाही असा. म्हणून माझी निवड. माझी एकतीस मेंढरं तिकडे घरी, बायको तुदाच्या जिवावर.

ही वही माझ्या लेकीची. इत्तो नऊ वर्षांची आहे आणि मला लिहायला तिनंच शिकवलं. रोज लिहा, आल्यावर तपासीन, अशी तंबी आहे. लिहितोय हो, मास्तरीणबाई.

२५ मे

इथली हवा फार विरळ. दोन घागरी पाणी आणलं की मधे बसावं लागतं. सकाळी सातूची पेज, दुपारी भाकरी आणि लोणी. ते लोणी बा झायद स्वतः घेऊन आले, वयाच्या सत्तरीत, माझ्याहून कमी धापा टाकत.

चहा घेताना ते शिखराकडे बघत राहिले. त्यांच्या तरुणपणी मेमध्ये बर्फ या खोपटाच्या दारापर्यंत असायचं म्हणे. आता वरच्या घळीत रुमालाएवढं उरलंय. गवत महिनाभर आधीच फुललं आणि मधमाश्या आल्या तेव्हा फुलं संपली होती. झरेही बारीक झालेत. मी म्हटलं, गवत महिनाभर आधी फुलतं तर मुदतही महिनाभर अलीकडे आणा की. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. मुदत आपली नाही, म्हणाले. बंद कुरणात जे शिरतं ते कुरणाचं होतं, मेंढरू असो की माणूस. मी म्हटलं, कुंपण घालण्यापेक्षा भीतीची गोष्ट स्वस्त पडते. रागावले नाहीत. माझा पेला पुन्हा भरला.

३ जून

फोन फक्त मोठ्या खडकावर लागतो. तुदाचा निरोप: गावचा झरा आटला, पाच मेंढ्या गेल्या. ती रडली नाही. ती रडत नाही तेव्हाच मला भीती वाटते. मी इथे हिरव्यागार गवतासमोर बसून भाकरी खातो आणि तिकडे माझी जनावरं माती चाटतात.

९ जून

आणखी काही दिवसांत उरलेली सव्वीसही जातील. मग आम्ही काय करायचं? शहरात जाऊन विटा वाहायच्या?

पुष्कळ विचार केला. दगडाबाहेर झुकलेलं एक कणीस चोळून बघितलं. रिकामं. बी गळून गेलंय. म्हणजे ज्यासाठी बंदी, ते काम झालं. उरली फक्त तारीख. सव्वीस तोंडांनी एका कोपऱ्यात चार दिवस चरलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?

तुदाला फोन केला. इत्तोला ती बाजाराच्या ट्रकनं बा झायदच्या सुनेकडे पाठवेल आणि स्वतः मेंढरं घेऊन मागच्या खिंडीनं वर येईल. तिकडून खालच्या गावांना काही दिसत नाही. ज्या म्हाताऱ्यापासून चोरी, त्याच्याच घरी लेक ठेवायची. लाज वाटते. पण ठरलं.

१५ जून

आली! तुदाचे गाल बसलेत, पाय फुटलेत. मी चहा केला, तिला आधी पाजला. दुपारी दोन दगड बाजूला सारले. अबरकान, आमचा काळा एडका, क्षणभर थबकला, मग आत गेला आणि मागून सगळी. तुदा कित्येक महिन्यांनी हसली. म्हणाली, बासू, तुला दाढी शोभत नाही. मला फार बरं वाटलं.

१६ जून

कालपासून एकानंही मान वर केलेली नाही.

अबरकान मिठासाठी कुठूनही धावत येतो. हातात मीठ घेऊन तासभर हाका मारल्या. त्यानं कानसुद्धा हलवला नाही. त्याच्या गळ्यातली घंटा हलताना दिसते, पण ऐकू येत नाही. ऐकू येतं ते फक्त चावणं.

१७ जून

दोन दिवस सव्वीस मेंढरं खाताहेत आणि गवत तेवढंच आहे. एक पातं कमी नाही. मेंढरांच्या मात्र बरगड्या वर आल्यात. खातात तशी वाळतात.

तुदा त्यांना आणायला निघाली. मी हात धरला, बा झायदची गोष्ट आत्ता कुठे तिला सांगितली. तिनं हात सोडवून घेतला.

"राखणदार तू आहेस, मी नाही. मला कसली बंदी? माझ्या हातांनी जन्माला घातलीत ती."

गेली. अबरकानच्या मानेला हात लावला आणि तिथेच खाली बसली.

१८ जून

ती उठत नाही. पाठमोरी आहे. हातानं गवत उपटते, तोंडात घालते. मी भाकरी फेकली, तिच्या मांडीपाशी पडली. तिनं बघितलंही नाही.

तुदा, अगं माझ्याकडे बघ तरी.

१९ जून

खडकावर जाऊन बा झायदना फोन लावला. त्यांचा आवाज आला आणि मी फोन कापला. काय सांगू? चोरी सांगू की बायको? पुन्हा लावायचा धीर केला तोवर फोन मेला होता.

मुदतीची हाक दिली तर कुरण मोकळं होईल का? पण तारीख यायचीय. हाक खोटी ठरेल. ती ऐकून तिन्ही गावं वर येतील, बायकापोरं, मेंढरं, आणि सगळी दगडांच्या आत— नाही. ती हाक मी देणार नाही.

तारखेला एकवीस दिवस. तिची मनगटं इथून काडीसारखी दिसतात.

२० जून, सकाळ

कमरेला दोर बांधला, दुसरं टोक खोपटाच्या खांबाला. वही खिशात. तिला घेऊन येतो.

दुपार

आत आहे. तिचा हात धरलाय, गार आहे. ओठ हिरवे. म्हटलं, ऊठ, इत्तो वाट बघतेय. नाव ऐकून ती जरा थांबली. मग पुन्हा खायला लागली. मी रडलो. मग गुडघे आपोआप खाली— दोर हातात आहे. ओढावंसं वाटत नाही. भूक लागलीय. फार.

२१

गवताला चव नाही. पोट भरत नाही. तरी—

तुदाच्या खांद्याला खांदा लावून बसलोय. एवढं बरं आहे.

खालून घंटा वाजताहेत. खऱ्या. पुष्कळ. कुणीतरी कड्यावरून आमची मेंढरं हिरव्यात पाहिली असणार— त्यांना वाटलं, कुरण सुटलं. मी हाक दिली नव्हती. दिली नव्हती, तरी—

उठायला हवं. थांबा म्हणायला हवं.

वळणावर पहिला कळप आला. पुढे लाल ओढणी— इत्तो. धावत येतेय. आई दिसली तिला. आई, आई करतेय.

थांब पोरी. ओरडतो आता. तोंड भरलंय— थुंकवत नाही— इत्तो, दगडाच्या बाहेर— पाय मागे घे— तिचा पाय